मिनी ट्रॅक्टर निवडताना: ब्रेक, क्लच आणि पायाखालची जागा

एका एकराचा चौकोनी प्लॉट धरला तर त्याची बाजू भरते साधारण २०८ फूट. द्राक्षाच्या दोन ओळींत ९ फूट अंतर ठेवलं तर ओळी बसतात तेवीसच्या आसपास. म्हणजे प्रत्येक ओळीतून ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं पंख्याचं फवारणी यंत्र) फिरवायचा तर एकरी तेवीसेक वळणं. चार एकर बागेला नव्वद. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस लागून राहिला की डावणी या बुरशी रोगाच्या धास्तीने दोन-तीन दिवसांत पुन्हा तेवढीच. आणि दर वळणाला डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर.

शोरूममध्ये मात्र बोलणं चालतं ते एचपी, लिफ्ट, डिझेल आणि अनुदानाचं. ते विचारायलाच हवं. पण १५ ते ३० एचपीच्या गटात बहुतेक मशीन ब्लोअर ओढतात, रोटाव्हेटर चालवतात. बागेत त्यांच्यातला फरक जाणवतो तो पायाखाली, म्हणून हा आढावा तेवढ्यापुरताच. डोळ्यासमोर आहेत निफाड-दिंडोरी, तासगाव आणि सांगोल्याकडचे द्राक्ष-डाळिंबवाले.

दोन ब्रेक आणि त्यांची कडी

गिअरच्या ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं एक आणि उजव्या चाकाचं एक. दोन्ही जोडायला मध्ये कडी असते. ओळ संपली की स्टिअरिंग पूर्ण फिरवून आतल्या बाजूच्या चाकाचा ब्रेक दाबायचा. ते चाक जागेवर थांबतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. कंपनीच्या माहितीपत्रकात वळण-त्रिज्येपुढे ‘ब्रेकसह’ असं लिहिलेलं असतं ते हेच. पत्रकं शेजारी ठेवून बघताना एकाचा आकडा ब्रेकसह आणि दुसऱ्याचा ब्रेकशिवाय, असं तर होत नाही ना, एवढं तपासा.

आता फरक कुठे पडतो? काही मिनींत दोन पेडल इतकी चिकटून आणि अरुंद असतात की गमबूट घातलेला पाय एक दाबायला जातो आणि दोन्ही दबतात. ट्रॅक्टर वळायच्या ऐवजी थांबतो, मागचा ब्लोअर तिरका होतो, मग मागे घ्या, पुन्हा पुढे घ्या. काहींत उलट त्रास. मधली फट मोठी, त्यामुळे कडी लावून दोन्ही एकदम दाबताना पाय एकाच पेडलवर जास्त पडतो. पेडलचा पत्रा गुळगुळीत की दातेरी, हेही बघा. काळ्या जमिनीतला चिखल बुटाला लागला की गुळगुळीत पेडलवरून पाय सटकतोच.

कडी पायाने किंवा वाकून एका बोटाने लागते की खाली उतरून चिमट्यासारखी ओढावी लागते, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण ज्या ट्रॅक्टरची कडी लावायला त्रास, त्याची कडी रस्त्यावरही उघडीच राहते. बागेतून निघून गावच्या रस्त्याला लागलात, वेग धरला आणि घाईत एकच पेडल दाबलं, तर ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जाऊन उलटू शकतो. सालगडी किंवा मुलगा ट्रॅक्टर चालवणार असेल तर माझ्या मते सोपी कडी दोन एचपी जास्त असण्यापेक्षा मोलाची.

यावर दुसरा मार्ग म्हणजे ब्रेक पायाने दाबायचाच नाही. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या ओजा मालिकेत, तिच्या वरच्या पॅकेजमध्ये, स्टिअरिंग पुरेसं वळलं की आतल्या चाकाला ब्रेक आपोआप लागतो. ही मालिका जपानच्या मित्सुबिशी महिंद्रासोबत विकसित झाली आहे. नव्वद वळणांच्या कामात उजव्या पायाला यामुळे खरोखर सुट्टी मिळते. नवख्या चालकाचं वळणही जुन्याजाणत्यासारखं एकसारखं होतं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. ओल्या जमिनीत थांबलेलं चाक बांधाजवळ खड्डा पाडतं, आणि अनुभवी माणूस तिथे ब्रेक अर्धवट दाबून, सोडून, पुन्हा दाबून वेळ मारून नेतो. ती नजाकत पायातच असते, म्हणून आपोआप ब्रेक बंद करायचं बटण कुठे आहे ते आधी विचारा. दुसरं, यंत्रणा जितकी इलेक्ट्रॉनिक तितका गावचा मेस्त्री लांब. तालुक्याला कंपनीचा सर्व्हिसवाला बसतो का, हे कळल्याशिवाय वरच्या पॅकेजच्या मागे लागू नये.

डिफरन्शियल लॉकचं पेडल बहुधा उजव्या टाचेपाशी असतं. ते दाबलेलं असताना एका चाकाचा ब्रेक मारून वळू नका, कारण दोन्ही चाकं तेव्हा एकत्र बांधलेली असतात. ट्रॅक्टर वळत नाही, ताण गिअरबॉक्सवर येतो. काही मशीनमध्ये हे पेडल इतकं मागे असतं की सीटवरून अर्धं उठल्याशिवाय टाच पोचत नाही. फसलेल्या ट्रॅक्टरवर ही कसरत नको असेल तर बसून बघा.

ड्राय की तेलातले

महिंद्राच्या युवराज २१५ एनएक्सटीसारख्या १५ एचपीच्या एक-सिलिंडर मशीनला ड्राय डिस्क ब्रेक येतात. जिवो २४५ डीआय किंवा कुबोटाचा निओस्टार बी२४४१ या २४ एचपीच्या फोर-व्हील मशीनला तेलात बुडालेले ब्रेक. किमतीत फरक आहेच, पण तो काही फक्त ब्रेकचा नव्हे. इंजिन, फोर-व्हील, सगळंच वेगळं.

ड्राय ब्रेक सुरुवातीला चांगले पकडतात, उघडायला सोपे, लायनिंग स्वस्त आणि तालुक्याच्या कुठल्याही मेस्त्रीला जमणारं काम. वैरी म्हणजे पाणी, चिखल आणि सतत एकाच बाजूची वळणं. सील खराब होऊन तेल लायनिंगवर आलं तर पकड जाते. फवारणीनंतर प्रेशरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुवायची सवय असेल तर धुतल्यावर कडी लावून हळू चालवा, दोन-चार वेळा ब्रेक दाबा, मगच रस्त्याला लागा.

तेलातल्या ब्रेकची प्लेट तेलात थंड राहते, बाहेरचा चिखल आत जात नाही, घासण कमी. भरलेला ट्रेलर घेऊन उतारावर यायचं असेल तर यांचा भरवसा जास्त. मात्र काम निघालंच तर मागचं हाउसिंग उघडावं लागतं आणि तो खर्च ड्रायच्या लायनिंगसारखा नसतो. तेलही कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं लागतं. कोणीतरी स्वस्त गिअर ऑइल भरलं की ब्रेक दाबताना कर्रकर्र आवाज सुरू होतो. जुना ट्रॅक्टर घेताना हा आवाज ऐकू आला तर आधी तेलाची चौकशी करा, मग किमतीची.

फोर-व्हीलवाल्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट: अशा मिनींचे ब्रेक सहसा मागच्याच चाकांना असतात. फोर-व्हील जोडलेलं असेल तर पुढची चाकं मागच्यांशी बांधली जातात आणि ब्रेकचा परिणाम चारही चाकांवर येतो. म्हणून भरलेला ब्लोअर घेऊन कच्च्या, तीव्र उतारावर जाताना ते जोडून ठेवावं. डांबरी सपाट रस्त्यावर सोडावं, नाहीतर टायर झिजतात.

क्लच: एका पेडलवर दोन कामं

ब्रेकपेक्षा जास्त पस्तावा होतो तो इथे. बऱ्याच मिनींना सिंगल क्लच असतो. पेडल दाबलं की चाकंही सुटतात आणि पीटीओही, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट. ओळीच्या टोकाला गिअर बदलायला क्लच दाबला की ब्लोअरचा पंखा आणि पंप मंदावतात, सोडला की पुन्हा उचल खातात. पहिल्या चार-पाच वेलींवर औषध नीट जात नाही, आणि बांधाकडच्या त्याच वेलींवर दर वर्षी रोग आधी दिसतो. कारण शोधताना आपण औषध बदलतो.

डबल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात, पीटीओ चालूच राहतो. पूर्ण दाबलं की दोन्ही थांबतात. अर्धं कुठे संपतं हे पायाला कळायला हवं. चांगल्या मशीनमध्ये तिथे स्पष्ट जड लागतं. पेडल एकूणच सिंगलपेक्षा जड असतं, त्यामुळे डाव्या गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी तासभर चालवून बघावं. ओजासारख्या मशीनमध्ये पीटीओचा वेगळा वेट, म्हणजे तेलातला, क्लच बटणावर चालतो, म्हणजे पायाकडे फक्त चाकांचंच काम उरतं. ही सोय मला आपोआप ब्रेकपेक्षा जास्त पटते.

सिंगल क्लचवर गवत कापायचं मशीन किंवा मल्चर लावणार असाल तर आणखी एक धोका. त्यातलं जड पातं फिरतच राहतं आणि ते पीटीओ शाफ्टमधून उलट गिअरबॉक्सला ढकलतं. तुम्ही क्लच दाबलेला असतो, तरी ट्रॅक्टर पुढे सरकतो, कधी थेट बांधापर्यंत. शाफ्टला ओव्हररनिंग कपलिंग, म्हणजे एकाच दिशेने ताकद देणारा जोड बसवला की हा प्रकार थांबतो. कपलिंगने शाफ्टची लांबी थोडी वाढते, तेवढा शाफ्ट कापून घ्यावा लागतो.

पायाला जागा

जुन्या घडणीच्या मिनीत गिअरबॉक्स दोन पायांच्या मधून जातो, गिअरचे दांडे गुडघ्यांच्या मध्ये. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. त्यामुळे रुंदी कमी राहते आणि अरुंद ओळीत ट्रॅक्टर सुखाने जातो. पण एका बाजूने चढून दुसरीकडे उतरता येत नाही. मांडवाखाली वाकून उतरताना ज्या बाजूला वेल आडवा येतो, नेमकी तीच बाजू वाट्याला येते.

सपाट फूटबोर्ड आणि बाजूला गिअर असलेल्या मशीनमध्ये टाच फूटबोर्डवर टेकवून घोट्याने पेडल दाबता येतं. टाच अधांतरी असेल तर प्रत्येक वेळी अख्खी मांडी उचलावी लागते. संध्याकाळी हा फरक कळतो. पेडल वरून लटकलेलं असेल तर खालचा चिखल झाडूने निघून जातो. खालून बिजागरीवर उभं असेल तर त्याच्या मुळाशी माती दाटते आणि पेडल पूर्ण खाली जात नाही.

फूट अॅक्सिलरेटर ब्रेकच्या उजवीकडे असतो. अरुंद मशीनमध्ये तो ब्रेकला इतका खेटलेला असतो की दहा नंबरचा बूट ब्रेक दाबताना रेसही वाढवतो. बागेत काम हाताच्या अॅक्सिलरेटरवर चालतं, आणि तो वर ठेवलेला असताना पायाने रेस वाढते, कमी होत नाही. म्हणून अचानक थांबायचं तर नुसता ब्रेक पुरत नाही, इंजिन ढकलतच राहतं. क्लच आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे. पॉवर टिलरवरून आलेल्यांना ही सवय मुद्दाम लावावी लागते, कारण तिथे वळायचं कामही हातातल्या क्लचनेच केलेलं असतं.

एचएसटी

अमेरिकेत दोन-चार एकरांच्या घराभोवती ट्रॅक्टर घेणारे मराठी लोक एचएसटी, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा हायड्रोस्टॅटिक, घ्यावा का हे हमखास विचारतात, कारण तिकडच्या लहान ट्रॅक्टरांत तो सर्रास मिळतो. गिअर बदलत बसायचं नाही. उजव्या पायाखालच्या पेडलनेच पुढे, मागे आणि वेग. ते दोन प्रकारचं असतं. एकात लांब पट्टी, पंजा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे. दुसऱ्यात शेजारी-शेजारी दोन वेगळी पेडल. लोडरने माती-बर्फ उचलताना सारखं पुढे-मागे करायचं असतं. पट्टीत पाय जागचा हलत नाही, दोन पेडलांत टाचेला आराम. पाय उचलला की मशीन आपोआप मंदावतं, त्यामुळे ब्रेकचं काम उरतं उभं करण्यापुरतं आणि वळण्यापुरतं. ब्रेक डावीकडे असेल तर उजव्या पायाने चालवत डाव्याने वळण मारता येतं. उजवीकडे असेल तर चालवायचं पेडल सोडल्याशिवाय ब्रेक लागत नाही, तेव्हा डावीकडचाच बघावा.

आपल्याकडच्या काळ्या रानात रोटाव्हेटर ओढायला मी एचएसटी सुचवणार नाही. तेलातून ताकद देताना काही वाया जाते, आणि २४ एचपीत वाया घालवण्याजोगं फार नसतं.

कोणी काय बघावं

द्राक्षबाग, ब्लोअर, ओली काळी जमीन: तेलातले ब्रेक आणि डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ क्लच, यात तडजोड नको. पैसे कमी पडत असतील तर एचपी कमी करा. सांगोल्याकडच्या हलक्या, कोरड्या रानात दोन-अडीच एकर डाळिंब आणि थोडी आंतरमशागत असेल तर ड्राय ब्रेकचं १५ एचपी मशीन पुरतं. तिथे तेलातल्या ब्रेकसाठी कर्ज वाढवण्यात अर्थ नाही. ऊस वाहणारा मोठा ट्रॅक्टर घरी आहेच आणि मिनी फक्त सरीतून फिरणार, तर आधी रुंदी बघा, पेडल नंतर. चालक बदलते असतील तर सोपी कडी, दातेरी पेडल, सपाट फूटबोर्ड.

ट्रायल शोरूमच्या फरशीवर घेऊ नका. आपल्याच बागेत, आपलाच ब्लोअर पाण्याने भरून, रोजचे गमबूट घालून दहा ओळी मारा. मग मोकळ्या रानात कडी लावून, बेताच्या वेगात दोन्ही ब्रेक दाबा आणि उतरून चाकांच्या खुणा बघा. दोन्ही सारख्या लांबीच्या हव्यात. एक लांब, एक आखूड असेल तर दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी नाही. ती दांड्यावरच्या नटाने जुळवायची असते. नवीन ट्रॅक्टर असला तरी ते डीलरकडून तिथल्या तिथे करून घ्या, पहिल्या सर्व्हिसपर्यंत थांबू नका.