नॉर्वेच्या क्रूझवरच्या सहली: कुठे पैसे टाकावेत, कुठे नाही (रिफंड आला, म्हणून आता लिहितोय)

मागच्या जूनमधल्या सहलीचा रिफंड परवा एकदाचा खात्यात जमा झाला. क्रूझ कंपनीशी भांडण मिटेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते आता लिहून टाकतो. साउदॅम्प्टनहून निघणारं नेहमीचंच क्रूझ. आम्ही दोघं, मेव्हणी आणि साडूभाऊ. केबिन, जेवण, व्हिसा यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त किनाऱ्यावर उतरून करायच्या सहलींबद्दल लिहितोय, कारण खिशाला खरं भोक तिथे पडतं.

भांडण गायरांगर या बंदरातलं. बोटीवरच्या काउंटरवरून डाल्सनिब्बा शिखराची बस घेतली. जवळपास 1500 मीटर उंचीवरून खाली फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) आणि त्यात आपली बोट दिसते, तो फोटो प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. सकाळी थिएटरमध्ये जमा व्हा, छातीवर नंबराचं स्टिकर लावा, मग रांगेत उतरा, यात तासभर गेला. वळणावळणांनी बस वर चढली आणि ड्युपवात्नेट तलावापाशी थांबली. जून असूनही तलावात बर्फाचे तुकडे तरंगत होते, कडेला माणसापेक्षा उंच बर्फ. शिखराचा रस्ता इथून फुटतो, आणि तो टोलचा आहे. गाइड म्हणाली, वर धुकं दाटलंय, रस्ता बंद केलाय. दहा मिनिटं फोटो काढा. मग बस माघारी.

हवामानाला कोण काय करणार? त्याबद्दल माझी तक्रार नाहीच. माझा प्रश्न एवढाच की टोल वाचला तो कुठे गेला? तिकिटात ‘टोलसह’ असं स्पष्ट छापलं होतं. बोटीवर विचारलं तर म्हणे घरी गेल्यावर ईमेल करा. ईमेल केला तर उत्तर आलं की मार्गात बदल करण्याचा हक्क राखीव आहे, आणि सहलीत कॉफी व वॅफल देण्यात आलं होतं. वॅफल! मेव्हणी अंडं खात नाही, तिने ते माझ्या बायकोच्या ताटलीत सरकवलं होतं. हेही कळवलं. घरचे हसत होते, पण मी दर महिन्याला एक ईमेल टाकत राहिलो. अखेर माणशी थोडी रक्कम परत आली. त्यात टोल किती आणि कटकट टाळण्याची किंमत किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसरीकडे, त्याच दुपारी बंदरापासून धबधब्याच्या कडेने वर जाणाऱ्या 327 पायऱ्या चढलो. पर्वतीच्या तिप्पट म्हणा. लोखंडी जिना, पाण्याचे तुषार थेट चष्म्यावर, आणि फुकट. गायरांगरमध्ये एवढंच केलं असतं तरी चाललं असतं.

एवढं वाचून बोटीच्या सहली म्हणजे लूट असं वाटेल. बंदरं सुरू होण्याआधी माझंही तेच मत होतं. ते फ्लॉम या बंदराने बदललं. फ्लॉम ते म्युर्डाल ही रेल्वे फक्त 20 किलोमीटरची, पण तेवढ्यात समुद्रसपाटीवरून 866 मीटर वर चढते. तिकिटं स्वतः काढायला गेलो तर मोठ्या बोटी बंदरात असतील त्या दिवशी सोयीच्या वेळेची एकही जागा नाही. आगाऊ घाऊक बुकिंग झालेलं असतं. उरलेली गाडी घेतली असती तर आम्ही डोंगरावरून बोट सुटताना पाहिली असती. तेव्हा दात-ओठ खात बोटीकडून तिकिटं घेतली, आणि पैसे वसूल झाले. गाडी मध्ये क्योसफॉसेन धबधब्यापाशी थांबते, सगळे फलाटावर उतरतात, आणि अचानक संगीत सुरू होऊन खडकांत लाल कपड्यातली एक बाई नाचायला लागते. लोककथेतली हुल्ड्रा म्हणे. साडूभाऊंना ते बालिश वाटलं. व्हिडिओ मात्र त्यांचाच सगळ्यात लांब आहे.

शिवाय बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही एकटे उशिरा आलात तर नाही. लांबच्या सहलीला याची किंमत मोजायला माझी हरकत नाही.

बर्गनला मात्र काउंटरकडे फिरकूसुद्धा नका. डोंगरावर जाणाऱ्या फ्लॉयबानेन या दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीचं तिकीट आपलं आपण काढायचं, काही मिनिटांत 320 मीटरवर, उतरताना जंगलातून चालत यायचं, मग ब्रिगेनची लाकडी घरं. छत्री लागतेच. स्टाव्हांगरलाही जुनं पांढऱ्या घरांचं गाव धक्क्याला लागूनच आहे, त्यासाठी ‘गाइडसह पदभ्रमण’ कोण घेतं कळत नाही. आमच्या बोटीवर दोन बस भरून लोकांनी घेतलं. पदभ्रमणाला बस कशाला, तेही कळलं नाही.

साडूभाऊ अजून म्हणतात की कंपनीने टोल भरलाही असेल आणि मग बस वळवली असेल. टोलचं फाटक तलावाच्या पुढे होतं, आमची बस त्याच्या अलीकडेच वळली. माझ्याकडे फोटो आहे, त्यात फाटकही दिसतं आणि वेळही.