उतरलेल्या दारासाठी पिन-बुशचा संच: बसवून, वापरून झाल्यावरचं मत

माझ्या जुन्या दोन दारांच्या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूने हा संच बसवला, त्याला आता बरेच महिने झाले. दार अजून एका बोटाने लागतंय. त्यामुळे मत आधीच सांगून टाकतो: बिजागरीच्या पिना आणि बुश (पिन ज्यात फिरते ती छोटी नळी) झिजलेत याची खात्री असेल, तर खुशाल घ्या. खात्री नसेल तर थोडं थांबा, कारण दार दर वेळी बुशमुळेच उतरतं, म्हणजे मागून खाली लोंबतं, असं नाही.

पाकिटात एका दारापुरत्या दोन पिना, कॉलरवाले (टोकाला रुंद कड असलेले) चार ब्राँझचे बुश आणि पिनच्या टोकाला लावायच्या क्लिपा मिळतात. मी टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे वस्तू हातात आली की आधी मायक्रोमीटर लागतो. नव्या पिना दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजल्या, सगळीकडे माप एकच. मग काढलेली वरची जुनी पिन मोजली. एका दिशेने ८ मिलिमीटर, ती फिरवून आडवी धरली तर ७.५ सुद्धा भरेना. आणि बुश? त्याची एका बाजूची भिंत पूर्ण खलास झाली होती, कॉलरचा तुकडा पडून गेलेला.

एवढ्याशा झिजेने दार इतकं कसं लोंबतं, असं वाटेल. माझ्या दाराच्या दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर ३५ सेंटीमीटर आहे आणि बिजागरीपासून कुलपापर्यंत साधारण १ मीटर. म्हणजे बिजागरीत १ मिलिमीटर खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला की कुलपापाशी दार जवळजवळ ३ मिलिमीटर खाली येतं. जोराचा हिशेबही असाच निघतो. दार ३० किलोचं धरा आणि त्याचा भार बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर. वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते, आणि दोन्हींवर ४० किलोहून जास्त जोर कायम असतो. त्यात गाडीतून उतरताना कोणी उघड्या दाराच्या टोकावर हात टेकला आणि २० किलोचा जरी रेटा दिला, तरी हा जोर दुपटीच्या वर जातो. दोन दारांच्या गाडीची दारं लांब आणि जड, म्हणून त्यांचं हे दुखणं लवकर सुरू होतं. दाराला धरून उठू नका, असं मी घरात सगळ्यांना कळकळीने सांगत असतो.

संच मागवण्याआधी एक तपासणी जरूर करा. दार अर्धं उघडा, मागच्या खालच्या कोपऱ्याला धरून वर उचला, आणि दुसऱ्या कोणाला तरी बिजागरीकडे बघत राहायला सांगा. पिन तिच्या घरात हलत असेल तर काम बुशचं. पिन जागेवर आहे पण बिजागरीची पाकळी (बोल्टने बसवलेला पत्रा) गाडीच्या खांबावर, म्हणजे दार ज्यावर टांगलंय त्या उभ्या भागावर, सरकतेय, तर बोल्ट सैल आहेत, नुसते आवळून भागेल. आणि खांबाचा पत्राच पाकळीसकट आतबाहेर होत असेल, तर तिथे तडा गेलाय किंवा आतून गंज लागलाय. मग हा संच काही कामाचा नाही, आधी वेल्डिंग करून घ्या.

माझी मुलगी बिजागरीकडे बघत होती आणि मी दार उचलत होतो. "बाबा, वरची पिन हलतेय, खालची थोडीच," असं ती म्हणाली. तरी मी दोन्ही बदलल्या. एकीत नवा बुश आणि दुसरीत झिजलेला, असं ठेवलं की दार त्या झिजलेल्या बाजूने पुन्हा तिरकं व्हायला मोकळं राहतं.

बसवताना दार गाडीपासून पूर्ण काढायची गरज पडली नाही. दाराखाली जॅक लावला, मध्ये फळी आणि जुनी चादर घातली, म्हणजे रंगाला ओरखडा नको. एका वेळी एकच बिजागरी मोकळी केली. पिनवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, पंच लावून खालून ठोकल्यावर ती वर निघाली. दार उघडं धरून ठेवणारी पट्टी तेवढ्यापुरती सोडवावी लागते, आणि खांबातून दारात जाणाऱ्या वायरींना ताण बसत नाही ना, हे मुलगी सारखं बघत होती. काही गाड्यांत बिजागरीलाच जाड स्प्रिंग असते. ती स्प्रिंग दाबून धरायचं अवजार हाताशी नसेल, तर अशा बिजागरीला हात लावू नका, ती सुटली की जोरात उडते.

बुश हातोडीने ठोकून बसवायचे नाहीत, हे पाकिटावर मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं. ब्राँझ मऊ असतं, कॉलर वाकली की पिन सरळ जात नाही. लांब बोल्ट, नट आणि दोन जाड वॉशर घेऊन बुश हळूहळू ओढून आत घेतला. या संचाची सर्वात मोठी जमेची बाजू मला इथे दिसली. घट्ट बसवलेला बुश आतून किंचित आवळतो आणि बऱ्याचदा मग भोक मापात आणायला रीमर हे अवजार फिरवावं लागतं. इथे बनवणाऱ्याने ती आवळण जमेस धरून भोक ठेवलंय. पिन बोटांनी सरकत गेली, तरी खेळ जाणवला नाही. पिनच्या डोक्याखालच्या दातेरी भागाने पाकळीत पकडही छान घेतली. ज्याने ही मापं ठरवली त्याला कामाची खरी जाण आहे.

कॉलरची जाडीही सारखी आहे. दाराचं उभं वजन या कॉलरवरच बसतं. ती झिजली की दार तिरकं होण्याबरोबर सरळ खालीही येतं.

क्लिपा मात्र मला पसंत नाहीत. पातळ पत्र्याच्या आहेत आणि खाचेत सैल बसतात. मी त्या बाजूला ठेवल्या आणि चांगल्या पोलादी सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कड्या) लावल्या. तुम्हीही तेच करा. सोबत माहितीचा साधा कागदही नाही, नवख्या माणसाने काय करायचं?

आता स्ट्रायकर, म्हणजे दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो गाडीच्या बाजूचा खुंटा. पूर्वी एका गॅरेजमध्ये दार लागत नाही म्हणून माझा स्ट्रायकर खाली सरकवून दिला होता. त्याने दार लागायला लागलं, पण उतरलेलंच राहिलं. मागची कड खाली, काचेच्या वर फट, वेगात वाऱ्याची शिट्टी आणि पावसात पायाशी ओल. नव्या पिना बसल्यावर मी स्ट्रायकर काढूनच ठेवला, दार अलगद टेकवलं आणि चारी बाजूंची फट पाहिली. ती सारखी दिसल्यावर स्ट्रायकर परत लावला आणि कुलूप त्याच्या बरोब्बर मध्यावर येईल असा आवळला. दाराने स्ट्रायकरवर चढून बसायचं नसतं, त्याला न उचलता आत जायचं असतं. वाऱ्याचा आवाज गेला, ओलही थांबली, रबराच्या बीडिंगला हातही लावावा लागला नाही.

तेलाबद्दल एक सूचना. हे बुश सच्छिद्र, तेल मुरवलेल्या ब्राँझचे आहेत. त्यांना घट्ट ग्रीस फासलं की छिद्रं बुजतात आणि वर धूळ चिकटते. मी इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडतो आणि बाहेर आलेलं पुसून घेतो.

बुश पूर्ण खाऊन पिन थेट पाकळीवर घासत राहिली असेल, तर पाकळीचं भोकच लांबट झालेलं असतं. त्यात या मापाचा बुश सैल बसेल. अशा वेळी भोक गोल करून मोठ्या मापाचा बुश लेथवर बनवून घ्या, नाहीतर बिजागरीच बदला. जुनी पिन आणि उरलेला बुश काढल्याबरोबर ते भोक व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा. दोन्ही मापं सारखी आली तरच या संचाचं पाकीट उघडा.