गुलमर्गची स्की-शाळा: दुसऱ्या फेरीत जमलं

2024 च्या जानेवारीत आम्ही मायलेकी स्की शिकायला गुलमर्गला उतरलो आणि बघतो तर काय, सगळीकडे पिवळं वाळकं गवत. चिल्ला-ए-कलान म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरचा ऐन कडाका, आणि त्यातच बर्फाचा पत्ता नाही. ज्या एजन्सीकडे आठवड्याचे सगळे पैसे आगाऊ भरले होते, तिने ‘कुदरत का मामला है, मॅडम’ म्हणून हात वर केले. नाव घेत नाही, पण एक रुपया परत आला नाही.

म्हणून 2025 ला शाळा शोधताना फोनवर पहिला प्रश्न हाच केला: बर्फ नसला तर? दोघांनी ‘होगा, होगा’ केलं. तिसऱ्याने सरळ सांगितलं, ‘आधे पैसे अभी, तारीख मैं बदल दूँगा.’ त्याच्याकडेच गेलो. फेब्रुवारीची तारीख खरंच पुढे गेली. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही त्या वर्षी बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या, तिथे आमची काय कथा! उत्तराखंडातल्या औलीचाही विचार केला होता, पण जोशीमठहून वर जाणारा रोपवे 2023 मध्ये जमीन खचल्यापासून बंदच होता.

ही शाळा म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. आत ओल्या लोकरीचा वास आणि भिंतीला टेकवलेल्या स्की. पण पहिला पाऊण तास त्यांनी बुटांवर घालवला, आणि मला शाळा आवडली ती तिथेच. स्कीचा बूट म्हणजे प्लॅस्टिकचा डबा. मी थंडीच्या भीतीने लोकरीचे दोन मोजे घातले होते. मास्तरांनी एक काढायला लावला. दोन मोज्यांची घडी पडते आणि नडगीला सोलपटतं, म्हणाले. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे, आणि टाच मात्र अजिबात उचलता कामा नये. तीन जोड बदलले, चौथा बसला. तो घालून दहा मिनिटं खोलीत नुसतं उभं केलं. आधीच्या एजन्सीने हॉटेलच्या दारात बूट साइज विचारून हातात कोंबले होते!

पाच जणांचा गट आणि सहाही दिवस एकच मास्तर. याला मी सगळ्यात जास्त मार्क देईन. शेजारच्या गटाचा माणूस रोज बदलायचा आणि रोज पहिल्या धड्यापासून सुरुवात. आमच्या मास्तरांना दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, की मी घाबरले की मागे रेलते. मग दिवसभर एकच घोष: ‘दीदी, आगे! पिंडली बूट को लगाओ!’ म्हणजे पुढे झुकून नडगी बुटाला टेकवायची. थांबायचं तर पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, त्याला तिथे सगळे ‘पिझ्झा’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी माझा पिझ्झा कुंपणाच्या दोन हात अलीकडे थांबला. बर्फात पडल्यावर उठण्यातच माझा अर्धा दम जायचा, ते कोणी आधी सांगत नाही.

लेकीला स्नोबोर्ड हवा होता. पहिले दोन दिवस ढुंगण आणि मनगटं शेकून निघाली. चौथ्या दिवसापासून मात्र माझ्यापेक्षा झोकात. पडून घ्यायची तयारी असेल तरच बोर्ड घ्या.

पॅकेजमध्ये गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचा, दुसरा टप्पा आहे म्हणून भाळू नका. तो अफरवत डोंगरावर, जवळजवळ 3,950 मीटरवर नेतो. तिथून नवशिक्याने काय करायचं, फोटो काढायचे? आमचे सगळे धडे खालच्या मैदानाजवळच्या सोप्या उतारावर झाले.

मला माणशी दिवसाला सामानासकट साडेतीन हजार पडले. राहणं-जेवण वेगळं. स्वस्त नाही. तरुण असाल आणि तारखा जुळत असतील, तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची जी स्कीइंग संस्था गुलमर्गातच आहे, तिच्या निवासी कोर्सची आधी चौकशी करा.

तक्रारी तीन. हेल्मेट मागितल्याशिवाय दिलं नाही, आणि दिलं त्याचा पट्टा तुटका होता. ते बदलून घ्यावं लागलं. दुसरी, लेखी पावती नाही. तिसरी, बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, हे ठाऊक असूनही हॉटेलपासून शाळेची जागा नीट कळवली नव्हती. पहिल्या सकाळी अर्धा तास बर्फात भटकलो.

आमच्या आठवड्यात रमजान सुरू झाला होता. मास्तर रोज्याने, पाण्याचा थेंबही न घेता, तीन-तीन तास आमच्यासोबत उतार चढायचे. आम्ही चहा प्यायला छपरामागे जायचो, तर ओरडायचे, ‘दीदी, इधर ही पी लो, वहाँ बर्फ गिरेगी छत से!’