बारोमास की चकवाचांदण?

कापसाची वेचणी आटोपल्यावर एकच पुस्तक वाचायला सवड मिळेल, तर यांपैकी कोणते घ्यावे, असे भाच्याने विचारले. दोन्ही मी याच हिवाळ्यात वाचली.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ शेतीकडे वळतो आणि कर्ज, नापिकी व घरातला ताण यांत अडकत जातो, हे वाचताना आपल्याच ओसरीवरचे बोलणे ऐकू येते, कारण संवाद वऱ्हाडी आहेत. कथेची ओढ असल्याने ते भराभर वाचून होते. मन मात्र कित्येक दिवस जड राहते. माझे तर राहिलेच.

मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवाचांदण’ हे वनाधिकाऱ्याचे आत्मचरित्र आहे. नवेगाव बांधचे पक्षी आणि जंगलातली माणसे त्यात भेटतात. भाषा प्रमाण आणि संथ आहे; कुठेही थांबून पुन्हा सुरुवात करता येते, पण सवड जास्त लागते.

घरच्या शेतीचा प्रश्न मनात घोळत असेल, तर ‘बारोमास’च घ्यावे. थकलेल्या मनाला रोज थोडा विसावा हवा असेल, तर ‘चकवाचांदण’ बरे. भाच्याला मी पहिले दिले.