'गॉड ऑफ वॉर'मधली एका ओळीची माणसं : नऊ महिने खेळून (आणि थिअऱ्या वाचून) झाल्यावर

आधीच सांगतो, पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. २०१८चा 'गॉड ऑफ वॉर', २०२२चा 'रॅग्नारॉक' आणि २०२३च्या डिसेंबरात फुकट आलेला त्याचा जोडभाग 'वलहाला', या तिन्ही व्हिडिओ गेमांचे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. मला कोणी असं सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात सेकंडहँड कन्सोल घेतला आणि ऑफिसातून आल्यावर रोज तासभर असा हिशोब ठेवून खेळायला बसलो. हिशोब पहिल्याच आठवड्यात कोलमडला. लढाईबद्दल फार लिहीत नाही, त्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. कुऱ्हाड फेकावी, बटण दाबावं, ती सपकन हातात परत यावी, यातली मजा नऊ महिन्यांनीही कमी झालेली नाही. एवढं पुरे. मला सांगायचंय ते या गेमांच्या कडेकडेने वावरणाऱ्या माणसांबद्दल, आणि त्यांच्यावरून लोक जे तर्क लढवतात त्याबद्दल. माझे निम्मे तास खेळण्यात गेले, निम्मे त्यात.

सवय लागली ती होडीमुळे. पहिल्या गेममध्ये नायक क्रेटॉस मीमिर नावाच्या शहाण्याचं डोकं उडवतो, फ्रेया ही देवी ते जिवंत करते आणि मग ते क्रेटॉसच्या कमरेला लटकून बडबडत राहतं. होडी वल्हवताना ते गोष्टी सांगतं. आपल्याकडे बर्बरीकाचं मस्तक उंचावरून अख्खं युद्ध बघतं आणि शेवटी खरं काय ते सांगतं; मीमिर त्याच जातीचा, फक्त जास्त बोलका आणि मधूनमधून टोमणे मारणारा. (बर्बरीक भांडारकरच्या चिकित्सक आवृत्तीत नाही, तो स्कंदपुराणातला. पण म्हणून त्याला कोणी कमी मानतं का? हा मुद्दा पुढे कामाला येईल.) मूळ नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, कथेत मीमिरचं डोकं वानीर गटाचे देव कापतात आणि देवांचा राजा ओडिन ते औषधी पाल्यात जपून त्याचा सल्ला घेतो. गेमने हे उलटं करून ओडिनलाच त्याचा शत्रू केलंय. इथे माझे कान टवकारले. नॉर्स कथा माहीत असणाऱ्याला पुढचं कळेल असं वाटावं आणि ऐन वेळी पाट फिरवावा, ही या मंडळींची खोड आहे.

थिअरी लढवणाऱ्यांची अडचणही इथेच सुरू होते. नॉर्स पुराण म्हणून आपण जे वाचतो ते मुख्यतः आइसलँडमध्ये लिहिलं गेलं, तिथे ख्रिस्ती धर्म आल्यानंतर. स्नोरी स्टुर्लुसनने त्याची एडा, म्हणजे या कथांचा ग्रंथ, १२२०च्या सुमारास लिहिली. जुन्या कवितांचं मुख्य हस्तलिखित त्यानंतर साधारण पन्नास वर्षांचं. त्याची ४५ पानं उरली आहेत, मधली आठ गहाळ. ते तीनशे वर्षं कोपनहेगनला होतं, १९७१मध्ये परत आइसलँडला आलं. म्हणजे कित्येक पात्रांबद्दल आपल्याकडे एक ओळ असते. काहींच्या वाट्याला एक शब्द. मोठ्या देवांचं काय होणार ते थोडंफार ठरलेलं, पण या एका ओळीच्या माणसांचं काहीही करता येतं. गेम लिहिणाऱ्यांना ते कळलं आणि चाहत्यांनाही.

आता टीर, युद्धाचा देव. २०२१च्या सप्टेंबरात 'रॅग्नारॉक'चा ट्रेलर आला, त्यात टीर कैदेतून सुटताना दिसला आणि चर्चा सुरू झाली : हा टीर नव्हे, हा ओडिन आहे. पुरावा काय? दोन्ही हात शाबूत. पुराणातल्या टीरने फेनरिर लांडग्याला बांधताना जामीन म्हणून आपला उजवा हात त्याच्या जबड्यात ठेवला होता आणि तो गमावला होता. दोन हातांचा टीर म्हणजे सोंग, असा तर्क.

हे मला माझ्या भाच्याने सांगितलं. मी तेव्हा टीरला नुकता सोडवला होता, तो बिचारा घाबरत घाबरत घरात वावरत होता, मला त्याची दया येत होती. भाच्याचा मेसेज : "मामा, तो टीर नाहीये बरं का. ब्रॉक गेला की मग कळेल तुम्हाला." एका मेसेजात दोन बळी! "अरे गाढवा, मी अजून तिथे पोचलो नाहीये" असं लिहिलं तर "मला वाटलं तुम्ही संपवला असेल" असं उत्तर. ब्रॉक या बुटक्या लोहाराला सुरी लागते तो प्रसंग या दोन्ही गेममधला सगळ्यात जोरकस प्रसंग असावा, आणि मी तो हातात घड्याळ धरून गाडीची वाट बघावी तसा बघितला.

पण खरी गंमत पुढे आहे आणि तिच्याबद्दल मला फारसं कोणी बोलताना दिसत नाही. मुख्य कथा संपल्यावर निफ्लहाइम या गोठलेल्या जगात एका कैदखान्यात खरा टीर सापडतो. त्याचेही दोन्ही हात जागेवर! 'वलहाला'मध्ये तर तो त्याच दोन हातांनी देशोदेशीची हत्यारं चालवत क्रेटॉसशी झुंजतो. म्हणजे उत्तर बरोबर आणि रीत साफ चूक. आमच्या गणिताच्या बाईंनी शून्य दिलं असतं. या जगात फेनरिर म्हणजे क्रेटॉसच्या मुलाने, आट्रेयसने, पाळलेला लांडगा, टीरचा हात तोडण्याचा प्रसंग घडायला तो इथे कधी नव्हताच.

मग बरोबर रीत कोणती होती? माझ्या मते ओडिनचा स्वभाव. कवितांमध्ये हा देव सतत दुसऱ्याच्या रूपात येतो. एकीकडे ग्रिम्निर, म्हणजे मुखवटेवाला. दुसरीकडे नावाडी बनून खाडीच्या पलीकडून स्वतःच्याच मुलाला, थोरला, शिव्या घालतो आणि थोरला पत्ता लागत नाही. ज्याला हे ठाऊक आहे त्याने घरात आलेल्या प्रत्येक नव्या पाहुण्याकडे संशयाने बघायला हवं होतं. हात मोजायची गरजच नव्हती. ब्रॉक तेच करतो. त्याला ना पुराण माहीत ना भविष्यवाणी, त्याला बोलण्यात काहीतरी खटकतं आणि तो खोदून विचारतो. सगळ्या गेममधला सगळ्यात चांगला थिअरीवाला तोच, आणि तेच त्याच्या जिवावर बेततं.

ब्रॉक आणि त्याचा भाऊ सिंड्री स्नोरीकडे जेमतेम दीड पानाचे. लोकीशी पैज लागते, पणाला लोकीचं डोकं. भाता चालवताना ब्रॉकच्या पापणीला माशी चावते, तो क्षणभर हात काढतो आणि थोरच्या हातोड्याचा दांडा आखूड राहतो. तरी पैज ब्रॉक जिंकतो. लोकी म्हणतो, डोकं घे पण मानेला हात लावायचा नाही. शेवटी ब्रॉक त्याचे ओठ शिवून टाकतो. गेममध्ये लोकी म्हणजे आट्रेयसच, आणि त्याच्यावर डोळे वटारून निघून गेलेला सिंड्री. तेव्हा पुढच्या गेममध्ये सिंड्री येऊन आट्रेयसचे ओठ शिवणार, ही थिअरी आलीच. मला ती आवडते पण पटत नाही. ज्याने भावाच्या आत्म्याचे चारपैकी तीन तुकडे गोळा करून त्याला एकदा परत आणला आणि ते त्याच्यापासून लपवून ठेवलं, त्या माणसाचं पुढे काय होणार हे सुईदोऱ्याने ठरणार नाही. ब्रॉकचं कोडं आठवा : जितकं काढून घ्याल तितकं मोठं होतं ते काय? मीमिरला उत्तर सुचतं ते थेट ब्रॉकच्या अंत्यसंस्काराच्या वेळी. खड्डा. सिंड्री ते ऐकून एक शब्द न बोलता निघून जातो. मी त्या रात्री गेम बंद केला आणि दोन दिवस लावला नाही.

थ्रूडबद्दल मात्र चाहत्यांनी कमाल केली आहे. ही थोरची मुलगी, मूळ साहित्यात नावापुरती. नवव्या शतकातल्या ब्रागी नावाच्या कवीच्या एका रचनेत ढालीला 'थ्रूडच्या चोराच्या तळपायाखालचं पान' म्हटलंय. हा चोर म्हणजे हृंगनिर राक्षस, जो थोरशी लढताना ढालीवर उभा राहिला होता. म्हणजे हृंगनिरने थ्रूडला पळवल्याची गोष्ट कधीतरी सगळ्यांना ठाऊक होती. आज ती कुठेच नाही, उरलं ते हे एक विशेषण. स्नोरीच्या कथेत हृंगनिर दारू पिऊन फ्रेया आणि सिफला न्यायच्या बाता मारतो, थ्रूडचं नावही नाही. यावरून थ्रूडचं अपहरण होणार असं भाकीत काहींनी केलं. ते फसलं. पण दुसरा गट म्हणत होता की ग्रिम्निरच्या कवितेत वाल्किरींच्या, म्हणजे ओडिनच्या रणरागिणींच्या, यादीत थ्रूड हे नाव येतं, तेव्हा गेममधली थ्रूड वाल्किरी व्हायला बघेल. नेमकं तेच. शिवाय पुराणात हातोडा पुढे मॉडी आणि माग्नी या थोरच्या मुलांकडे जातो. पहिल्या गेममध्ये ते दोघे मारले गेले तेव्हाच वारसाची जागा रिकामी झाली होती. शेवटी हातोडा उचलते थ्रूड. याला म्हणतात तर्क.

याच्या उलट टोकाला भिंतीवरच्या प्रत्येक रेघेचा बादरायण संबंध लावणारे. टीरच्या गुप्त खोलीत परदेशांची चिन्हं दिसली की पुढचा गेम इजिप्तमध्ये, लगेच तारखेसकट. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर जगाला विळखा घातलेला खरोखरचा साप समोर पडलेला असताना.

लाउफे, म्हणजे गेममधली क्रेटॉसची मेलेली बायको फे, हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पुराणात लोकीची आई, एवढीच तिची ओळख. तिथे मुलगा बापाच्या नावाने ओळखला जाण्याची रीत, पण लोकीला लाउफेचा मुलगा म्हणतात. का, कोणी सांगत नाही. तिचं दुसरं नाव नाल, म्हणजे सुई. एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनीही यावर थिअरी लढवली होती : बाप फारबाउटी म्हणजे जबर प्रहार करणारा, अर्थात वीज; आई लाउफे म्हणजे पालवी, अर्थात झाड; विजेने झाड पेटलं की जन्मणारा लोकी म्हणजे आग. आज हे फारसं कोणी मानत नाही. पण भाच्याच्या व्हिडिओवाल्यांत आणि त्या प्राध्यापकांत मला तरी फार फरक दिसला नाही. गेममध्ये फारबाउटी हे नाव क्रेटॉसला आलंय, प्रहार करणारा म्हणून चपखल. आणि फेने घराभोवतीच्या झाडांवर सोनेरी पंजे उठवले होते. तिच्या चितेसाठी क्रेटॉस तीच झाडं तोडतो आणि घराभोवतीचं संरक्षण स्वतःच्या हाताने मोडतो. २०१८च्या गेममध्ये हे कळलं तेव्हा मी सुरुवातीचा भाग परत खेळलो. एका ओळीच्या बाईने मेल्यावर दोन अख्खे गेम चालवलेत.

आंगरबोडाबद्दल तक्रार आहे. लोकीपासून लांडगा, साप आणि हेल यांना जन्म देणारी राक्षसीण, जुन्या कवितांमध्ये नाव एकदाच. गेमने तिची गोड चित्रकार पोरगी केली, हरकत नाही. पण लोहवनातला तो भाग संपता संपत नाही. याकवर बसून फळं गोळा करताना मी दोनदा पेंगलो. सापाचं मात्र उत्तम जमवलंय : आट्रेयस एका राक्षसाचा आत्मा सापात घालतो, तो साप वाढतो, आणि थोरच्या घावाने काळात मागे फेकला जातो. फेनरिरचा आत्माही असाच दुसऱ्या देहात, गार्ममध्ये, जातो. अपत्यांपैकी दोघांचा हिशोब असा जन्म न देताच लागला. तिसरी, हेल, कुठे आहे? माझी अटकळ आहे की तीही अशीच कुणाच्या तरी देहात येईल. भाचा म्हणतो, "मामा, पुरावा?" पुरावा नाही.

बाकी त्रास म्हणाल तर 'रॅग्नारॉक'मध्ये सोबतची मंडळी कोड्याचं उत्तर फार लवकर सांगून टाकतात. विचार करायला उभं राहिलं की लगेच सूचना सुरू. स्क्योल्ड, बुग्विर, बेला ही माणसं तोंडओळखीपुरती येतात. बुग्विर आणि बेला तर लोकीच्या शिव्या खाण्यापुरतीच कवितेत होती, इथे निदान फ्रेयाच्या भावाच्या, फ्रेयरच्या, तळावर त्यांना बसायला जागा मिळाली आहे. घ्यायचा असेल तर दोन्ही गेम ओळीने घ्या, २०१८चा वगळून 'रॅग्नारॉक' घेण्यात अर्थ नाही. आणि संपेपर्यंत भाच्यांना ब्लॉक करा.

सध्या २०१८चा परत लावलाय, फक्त होडीसाठी. किनाऱ्याला लागलं की मीमिर गोष्ट अर्धी सोडतो आणि पुन्हा होडीत बसल्यावर पुढे सांगतो, हे मला माहीत आहे. तरी काल किनारा समोर दिसत असताना वीसेक मिनिटं तळ्यात गोल गोल होडी फिरवत बसलो होतो.