ऊसतोड हार्वेस्टर: एका हंगामाच्या वापरानंतर

उभा ऊस पेटवून तोडायला बंदी आली आणि आम्ही हार्वेस्टर लावला. पाच महिने झाले. यंत्राबरोबर माणसांबद्दलही लिहितोय.

पेटवलेल्या फडात पाला उरत नाही, कोयता भराभर चालतो. हिरव्या उसात तोच तोडकरी पाल्यात अडकतो, पानांच्या धारेने हात चिरतात, दिवसाची तोड बरीच घटते. टोळीला उक्तं परवडेना, आम्हाला वाढीव दर झेपेना. नियमाने कुणाला कामावरून काढलं नाही, पण हाताची तोड महाग झाली. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात हेच घडलं. तिथल्या २००२ च्या कायद्याने यंत्र चालेल अशा जमिनीवर ऊस पेटवणं थांबवायला २०२१ पर्यंत मुदत दिली होती. सरकार आणि साखर कारखानदारांच्या २००७ च्या समझोत्यात ती २०१४ वर आली. एक हार्वेस्टर ८० ते १०० तोडकऱ्यांचं काम करतो. अशात मुदतीतली सात वर्षं कमी होणं तोडकऱ्याला फार जड जातं.

यंत्र कामाला चोख आहे. सरी मात्र पाच फुटी हवी, नाहीतर चाक बुडख्यांवर चढतं. बुडाची पाती रोज तपासा. एकदा चालकाने बोथट पात्यांवरच पाळी रेटली. दुसऱ्या दिवशी वाकून पाहिलं तर बुडखे उभे चिरलेले, काही मुळासकट उपटलेले. खोडवा, म्हणजे बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, तिथे विरळ फुटला, नांग्या भराव्या लागल्या, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा लागण करावी लागली. यंत्र उसाचे तुकडे करतं आणि तुकड्यांचा ऊस लवकर खराब होतो, त्यामुळे वाहतूक आधी पक्की करा.

तोडणीचं सगळे बोलतात, खुरपणीचं कुणी बोलत नाही. यंत्राने रानात पसरलेल्या पाचटाने, म्हणजे उसाच्या पाल्याने, ओल टिकली, तण दबलं, खुरपणी जवळजवळ लागलीच नाही. मी खुशीत होतो. तेवढ्यात दरवर्षी खुरपायला येणाऱ्या एक मावशी बांधावर आल्या, पाचट पायाने सारून पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, यंदा आम्हाला काहीच नाही का?" नांग्या भरायला त्यांना आणि आणखी दोघींना बोलावलं. चार दिवसांत काम संपलं. ते मनातून जात नाही.

चालक, मिस्त्री, ट्रॅक्टरवाला ही नवी कामं मोजकी, आणि ती आधीच शिकलेल्यांना मिळतात. टोळीतल्या एका पोराला हट्टाने चालकाशेजारी बसवलं. आता तो पाती बदलतो, हायड्रॉलिकची गळती ओळखतो.

पुढच्या हंगामातही यंत्र लावणार. मदतनीस टोळीतलेच दोघं घ्यायचे, ही अट यंत्रमालकाकडून आत्ताच लिहून घेतली आहे.