विकलेली गाडी अजून माझ्याच नावावर आहे

जून २०२२ मध्ये मी माझी दहा वर्षे वापरलेली छोटी चारचाकी साताऱ्यातील जुन्या गाड्यांच्या एका दलालाला १ लाख ६५ हजार रुपयांना विकली. पैसे बँकेत जमा झाले, चावी दिली, शंभराच्या मुद्रांक कागदावर ताबा पावती झाली आणि त्या गाडीशी असलेला माझा संबंध तिथे संपला, असे मी समजलो. परिवहन खात्याच्या नोंदीत मात्र ती गाडी आजही माझीच आहे, आणि तिच्यामुळे झालेल्या एका अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात मार्च २०२४ पासून मी सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे असा पक्षकार, आहे. गाडी विकताना मी ज्या चुका केल्या त्या बहुतेक घरांत होतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

त्या दलालाची ओळख माझ्या एका माजी विद्यार्थ्याने करून दिली होती. महामार्गालगत त्याचे पत्र्याचे शेड होते, दहा-बारा गाड्या ओळीने उभ्या असत, बोलणे नम्र होते आणि भावासाठी त्याने फारशी घासाघीसही केली नाही. व्यवहाराच्या दिवशी त्याने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० माझ्यापुढे ठेवले. मालकी बदलण्यासाठी लागणाऱ्या या कागदांना आपल्याकडे सर्रास टीटी फॉर्म म्हणतात. विकणाऱ्याच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या आणि घेणाऱ्याचे नाव, पत्ता व विक्रीची तारीख या जागा कोऱ्या होत्या. मी विचारले, की घेणाऱ्याचे नाव कुठे आहे? तो म्हणाला, "सर, गिऱ्हाईक लागलं की त्याचं नाव टाकतो. पंधरा दिवसांत नाव चढतं, तुम्ही निर्धास्त राहा." पुढे म्हणाला, "दोन सेट असू द्या. एखादा खराब झाला तर तुम्हाला परत हेलपाटा नको." मी दोन्ही सेटवर सह्या केल्या, आधार आणि पॅन कार्डाच्या झेरॉक्स दिल्या, मूळ आरसी दिली, आणि नाव बदलण्याच्या खर्चापोटी त्याने रकमेतून ४ हजार रुपये कापून घेतले तेही मान्य केले. त्या शेडमधून बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात फक्त ताबा पावती होती. तिच्यावर तारीख आणि वेळ घालून लिहिले होते, की यापुढे गाडीच्या संदर्भातील सर्व जबाबदारी घेणाऱ्याची राहील.

पुढच्याच महिन्यात मला सावध करणारी एक गोष्ट घडली होती. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग काढायचे माझ्या लक्षात राहिले नव्हते. पाटस, सरडेवाडी, वरवडे अशा नाक्यांवर टोल कापला गेल्याचे संदेश माझ्या मोबाइलवर येऊ लागले. म्हणजे गाडी पुणे–सोलापूर रस्त्यावर फिरत होती. मी दलालाला फोन केला. "गिऱ्हाईक सोलापूरकडचं आहे, नाव ट्रान्सफरला टाकलंय, टॅग आजच काढायला सांगतो," असे त्याने सांगितले. खात्यात तीनशेच्या आसपास रक्कम होती, ती संपली आणि संदेश थांबले. थोडक्या पैशांसाठी कोणाच्या मागे लागायचे, असे म्हणून मी विषय सोडला. गाडी नेमक्या कोणत्या माणसाच्या हातात आहे, हे त्याच आठवड्यात हट्टाने विचारून लिहून घेतले असते, तर पुढचे पुष्कळसे टळले असते असे मला आज वाटते.

ऑगस्ट २०२३ मध्ये माझा भाचा घरी आला होता. स्वतःच्या गाडीच्या पीयूसीची मुदत तो एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर पाहत होता. सहज म्हणून आमच्या जुन्या गाडीचा क्रमांक त्याने टाकला. मालकाच्या नावातील बरीच अक्षरे झाकलेली होती, तरी नाव माझेच आहे हे कळत होते. विम्याची मुदत मार्च २०२३ मध्ये संपलेली दिसत होती. वाहतूक पोलिसांच्या चलानांची यादी उघडली तेव्हा ११ चलाने थकलेली निघाली, त्यांतील बहुतेक वेगमर्यादेची होती. मला एकाही चलानाचा संदेश आला नव्हता, कारण २०१२ मध्ये गाडी घेतली तेव्हा नोंदीत माझा मोबाइल क्रमांक गेलाच नव्हता आणि तो नंतर घालून घ्यावा हे मला कधी सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. त्या जागी आता फरशीचे दुकान होते आणि दलालाचा फोन बंद होता. ताबा पावतीवरील त्याच्या पत्त्यावर मी रजिस्टर ए.डी.ने पत्र पाठवले, ते 'पत्त्यावर नाही' या शेऱ्यानिशी परत आले. ते पाकीट मी न उघडता जपून ठेवले आहे. पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. परिवहन कार्यालयातील कर्मचाऱ्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि एक साधा प्रश्न विचारला, की तुम्ही गाडी कोणाला विकली? दलालाच्या नावाखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हते. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही यांच्याशिवाय माझे नाव उतरवून तिथे कोणाचे चढवायचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

त्याच खिडकीवर मला फॉर्म २९ चा खरा अर्थ कळला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी विकल्याची खबर परिवहन कार्यालयाला देणे हे विकणाऱ्याचे स्वतःचे काम आहे. घेणारा त्याच राज्यातील असेल तर त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे, आणि फॉर्म २९ म्हणजे तीच खबर. हा फॉर्म दोन प्रतींत द्यायचा असतो. कार्यालयाच्या शेऱ्यानिशी दुसरी प्रत विकणाऱ्याला परत मिळावी, अशी सूचना फॉर्मवरच छापलेली आहे. मी दोन सेटवर सह्या केल्या त्या एखादा सेट खराब होईल म्हणून, आणि दुसऱ्या प्रतीवर माझा हक्क आहे हे मात्र मला ठाऊक नव्हते. दलालाने मला हेलपाटा वाचवल्यासारखे दाखवले, आणि कायद्याने माझ्या हातात दिलेला एकमेव पुरावा माझ्याकडूनच काढून घेतला.

दलाल असे का करतात, हे मी नंतर या धंद्याची माहिती असलेल्या दोघा-तिघांकडून समजून घेतले. दलालाने गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घेतली तर शुल्क भरावे लागते, दिवस जातात, आणि नोंदीत एक मालक वाढतो. गाडीचा दुसरा मालक आणि तिसरा मालक यांच्या भावात फरक पडतो. कोऱ्या फॉर्मवर मूळ मालकाच्या सह्या असल्या, की ती गाडी त्याच कागदांवर एका दलालाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून गिऱ्हाइकाकडे जाऊ शकते, आणि मधल्या कोणाचेही नाव कुठेच उमटत नाही. गिऱ्हाईकही कित्येकदा नाव बदलून घेण्याची घाई करत नाही, कारण चलान आले तरी ते दुसऱ्याच्या नावावर पडते. अशा साखळीत सर्वांची सोय होते, आणि भार तेवढा पहिल्या सहीवाल्यावर येतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टेंभुर्णीजवळ या गाडीने एका मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरचा तरुण साखर कारखान्यातील हंगामी कामगार होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि त्या वर्षीचा सगळा गळीत हंगाम त्याच्या हातून गेला. मला पहिली नोटीस पोलिसांची आली. अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होते, याची माहिती कलम १३३ खाली गाडीच्या मालकाला द्यावी लागते. ती मी कोठून देणार? मी ताबा पावतीची आणि ऑगस्टमधील तक्रार अर्जाच्या पोचेची प्रत पाठवली. चालक जागेवरच सापडला होता. त्याने जबाबात सांगितले, की गाडी त्याने टेंभुर्णीच्या एका दलालाकडून घेतली होती. माझ्या दलालाला तो कधी भेटलाही नव्हता.

मार्चमध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. त्या तरुणाने ८ लाख रुपयांच्या भरपाईचा दावा केला होता. चालक सामनेवाला क्रमांक १, मी क्रमांक २, आणि विमा कंपनी नाहीच, कारण अपघाताच्या वेळी विमा संपून आठ महिने झाले होते. मी ताबा पावती घेऊन वकिलांकडे गेलो. ती पाहून ते म्हणाले, की हा कागद तुमच्या आणि दलालाच्या मधला आहे, त्या जखमी मुलाला तो बांधील नाही. मग त्यांनी मला सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाची प्रत वाचायला दिली. त्या प्रकरणातील गाडीही अनेक हातांतून गेलेली होती आणि नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अधिनियमाच्या कलम २(३०) मधील व्याख्येप्रमाणे नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे न्यायालयाने ठरवले. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे त्यामागचे कारण आहे.

हा निकाल माझ्या विरुद्ध जाणारा आहे, तरीही तो मला चुकीचा म्हणता येत नाही. न्यायाधिकरणाबाहेरच्या बाकावर मी त्या तरुणाला कुबडीसह बसलेला पाहिला आहे. त्याने टेंभुर्णीचा दलाल शोधायचा, मग साताऱ्याचा शोधायचा, मग माझ्या दारात यायचे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? माझ्या वकिलांनी आमच्या कैफियतीत विक्रीची सगळी हकीकत मांडली आहे. उद्या मला रक्कम भरावी लागली, तर ती दलालाकडून वसूल करण्यासाठी मला वेगळी कारवाई करावी लागेल. तिथे ताबा पावती, बँकेतील नोंद आणि ते परत आलेले पाकीट उपयोगी पडेल. अर्थात, दलाल सापडला तर.

ज्यांना गाडी विकायची आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे असे, की घेणाऱ्याचे नाव कोरे असलेल्या फॉर्मवर सही करू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. घेणारा थेट भेटला असेल तर त्याच्याबरोबर बसून ऑनलाइन अर्ज तुमच्यासमोर भरा, शुल्काच्या पावतीची आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या. त्याआधी परिवहन खात्याच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदवून घ्या, म्हणजे ओटीपीही तुमच्याकडे येईल आणि चलानही कळेल. कर्जाचा बोजा नोंदीत राहिला असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन तो आधी उतरवा, कारण बोजा असेपर्यंत नाव बदलत नाही आणि दलालाला ते एक आयते निमित्त मिळते. फास्टॅग स्वतःच्या हाताने काढा आणि बँकेला कळवून बंद करा. विम्याची पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर होण्यासाठी कंपनीला लेखी कळवा.

गाडी दलालालाच द्यायची असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे, जी माझ्या वेळी नव्हती. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र घ्यायचे असते, आणि अशा विक्रेत्याला गाडी दिल्याची खबर फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाइन द्यायची असते. त्यानंतर गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तिची जबाबदारी त्याची राहते, आणि गिऱ्हाइकाला दाखवणे किंवा दुरुस्तीला नेणे यांसारख्या कामांखेरीज ती त्याला रस्त्यावर वापरता येत नाही. म्हणून दलालाकडे आधी प्रमाणपत्र मागा. "आम्हाला तसलं काही लागत नाही," असे उत्तर आले, तर हजार-दोन हजार जास्त मिळत असले तरी गाडी परत घेऊन या. ज्यांनी गेल्या काही वर्षांत गाडी किंवा स्कूटर विकली आहे, त्यांनी तिचा क्रमांक अ‍ॅपवर आजच टाकून पाहावा. नाव तुमचेच दिसले आणि घेणारा अजून ओळखीत असेल, तर त्याला गाठून काम पुरे करून घेणे अजून हातात आहे. माझ्या बाबतीत ते ऑगस्ट २०२३ पर्यंतच हाताबाहेर गेले होते.

या वर्षी आमच्या घरची जुनी स्कूटर विकायची वेळ आली. घेणारा शेजारच्या गल्लीतला होता. त्याला मी माझी सगळी हकीकत सांगितली आणि नाव बदलल्याची नोंद दिसेपर्यंत चावी देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याला राग आला नाही. नोंद होईपर्यंत तीन आठवडे स्कूटर आमच्याच अंगणात उभी होती, आणि तो अधूनमधून येऊन ती चालू करून पाहत असे.